देवयानीसाठी दुर्बीण

दिवाळीच्या सुमारास आमच्यासारख्या आकाशवेड्यांना हमखास फोन येतात. बोनस झालेला असतो, मुलीला दुर्बीण घ्यायची असते आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, किती पट मोठं दिसेल?" चंद्र किंवा शनी पाहायचा असेल तर विचारायला हरकत नाही. दीर्घिकांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा.

देवयानी दीर्घिकेचंच पाहा. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. तरीही छायाचित्रांत तिची लांबी ३ अंश भरते, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र एका ओळीत बसावेत एवढी! तिला आणखी मोठं कशाला करायचं? अडचण आहे ती तिच्या फिकेपणाची. गाभा उजळ, पण बाकीचा प्रकाश इतका पसरलेला की शहराच्या उजेडात तो विरूनच जातो. त्यात पसरट वस्तूचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्यांना दिसतो त्याहून तेजस्वी कोणतीही दुर्बीण दाखवू शकत नाही. ती प्रकाश जास्त गोळा करते, पण तो पसरतेही तितकाच. म्हणून आधी काळोख, मग भिंगाचा व्यास आणि त्यानंतर पट.

पहिली खरेदी मी १०×५० बायनॉक्युलरचीच सुचवतो. १० म्हणजे पट, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ५० ला १० ने भागलं की ५ येतात. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत एवढा जाड. अंधारात तरुणांची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बऱ्याच जणांची ५ च्या आसपास अडते. त्यामुळे ७×५० मधला काही प्रकाश आमच्या वयात बाहुलीबाहेरच सांडतो.

दुकानात बायनॉक्युलर उजेडाकडे रोखून हातभर लांब धरा आणि मागून नेत्रिकांकडे पाहा. दोन उजळ चकत्या दिसतील. त्या पूर्ण गोल हव्यात. चौकोनाकडे झुकलेल्या, कडा करड्या झालेल्या दिसल्या तर आतले लोलक हलक्या काचेचे समजा. भिंगावर माणकासारखी लाल झाक असेल किंवा अंगावर 'झूम' लिहिलेलं असेल, तर सरळ खाली ठेवा. १५×७० उत्तम, पण ट्रायपॉडशिवाय नाही. हात थरथरले की फिकट डाग हरवतो.

खोक्यावर '५२५ पट' छापलेल्या ६० मिलिमीटरच्या दुर्बिणी मुलांच्या वाढदिवसाला फार खपतात. व्यासाच्या दुप्पट, म्हणजे इथे १२० पट, ही कामाची कमाल मर्यादा. पुढचं सगळं धुकं.

बायनॉक्युलरवर हात बसला की ६ किंवा ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या स्टँडवरची आरशाची दुर्बीण, घ्यावी. ८ इंची आरसा ५० मिलिमीटरच्या भिंगाच्या जवळजवळ सोळापट प्रकाश गोळा करतो. ही रचना रुजवणारे जॉन डॉब्सन कॅलिफोर्नियात रामकृष्ण संघाच्या मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवूड वापरलं. खर्च आरशावर, स्टँडवर नाही, हे गणित आजही चोख आहे. मोटारवाल्या महागड्या स्टँडवर बसवलेली लहान दुर्बीण फोटोला ठीक. डोळ्यांनी पाहणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

आठ इंचीतून फेब्रुवारी-मार्चमध्ये सप्तर्षीतल्या एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिका एकाच दृश्यात दिसतात, एक लंबगोल, दुसरी चिरूटासारखी. इथे थोडे जास्त पट उपयोगी पडतात, कारण या लहान आहेत. उलट त्रिकोणातली एम ३३ इतकी पसरट आणि फिकी की ती दुर्बिणीपेक्षा बायनॉक्युलरमधून लवकर सापडते. म्हणून मोठी दुर्बीण आली तरी बायनॉक्युलर विकू नका.

दिवाळीची अमावस्या यासाठी झकास. पावसाने हवा धुतलेली असते. फक्त फटाक्यांचा धूर टाळायला शहराबाहेर जायचं. रात्री दहा-साडेदहाला देवयानी उत्तरेकडे उंच असते. ती पाहून झाली की पाठ फिरवा आणि तिमिंगलातल्या डिफ्डा ताऱ्याच्या साधारण ७ अंश खाली शोधा. तिथली एनजीसी २५३ ही दीर्घिका कॅरोलिन हर्शेलने १७८३ मध्ये इंग्लंडातून शोधली. तिथे ती क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येते, पुण्यात ४६ अंश! युरोपातली पुस्तकं तिची फारशी तरफदारी करत नाहीत, यात नवल नाही.

रंगांची, सर्पिल हातांची अपेक्षा धरू नका. राखाडी डाग दिसेल. अर्धा तास मोबाइल बंद ठेवा आणि डागाकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवा. डोळ्यातल्या मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी कडेला जास्त असतात, त्यामुळे डाग चक्क मोठा होतो. पैसे मोजण्याआधी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्या कार्यक्रमात इतरांच्या दुर्बिणींतून पाहून घ्या.

आणि घेतलीत तर जूनपूर्वी ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कोकणात नि मुंबईत भिंगाला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.