गच्चीवरील बंब

घरांत सौर बंब घ्यावयाचा म्हटला, कीं पहिली चर्चा खर्चाची होते. नवलाख उंबरे येथील आमच्या घरींही ती झाली. परंतु आमच्या मतें पहिला प्रश्न निराळाच आहे : पहांटे सर्वांच्या आधीं उठून पाणी कोणीं तापवावें? तांब्याच्या बंबाचें कौतुक आपण सारेच करतों. पण बंबफोड घालून, धूर डोळ्यांत घेत तो पेटविण्याचें काम बहुधा घरांतील स्त्रियांकडे असे, आणि त्यांच्या स्नानाची पाळी मात्र शेवटीं येई.

ही कल्पना नवी नव्हे. उष्ण देशांत इंधनाऐवजीं सूर्यताप वापरावा, असें सांगणारें पुस्तक विल्यम अ‍ॅडम्स ह्यांनीं मुंबईंत १८७८ सालींच प्रसिद्ध केलें होतें. सौर बंबाची युक्तिही साधी आहे. तापलेलें पाणी हलकें होऊन टाकींत चढतें, थंड पाणी खालीं उतरतें; पंपावांचून हें चक्र दिवसभर चालतें. टाकीस उष्णतारोधक वेष्टन असल्यानें दुपारचें ऊन पहांटे नळास येतें.

निवड दोहोंतून करावयाची असते. सपाट पेटी टिकाऊ, पण महाग. शिवाय जड पाण्याचे क्षार तिच्या बारीक तांब्याच्या नळ्यांत सांचतात. दुसरा प्रकार कांचेच्या दुहेरी नळ्यांचा. मधल्या निर्वात पोकळीमुळें उष्णता बाहेर जात नाहीं. नळ्या फुटण्याची भीति असते, पण एखादी फुटल्यास तेवढीच बदलतां येते. आमच्या कूपनलिकेचें पाणी जड. पातेल्यांस पांढरें पुट चढतें. म्हणून आम्हीं नळ्याच घेतल्या. चौघांस साधारणतः १०० लिटर पाणी पुरतें. आम्ही सातजण, तेव्हां टाकी २०० लिटरांची. हिंवाळ्यांतील सूर्य दक्षिणेस कललेला असतो, म्हणून तोंड दक्षिणेस.

कोणी म्हणेल, मावळांतल्या पावसाळ्यांत ह्याचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे. ढगांपुढें ह्या यंत्राचें कांहीं चालत नाहीं. म्हणूनच आम्हीं जुना बंब मोडींत काढला नाहीं. आषाढ-श्रावणांत तो पेटतो; मात्र पेटविण्याची पाळी आतां पुरुषांची.

आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाहीं. टाकींतील ऊन पाणी मोजकेंच असतें. पहिल्यानें उधळलें, तर शेवटच्याच्या वांट्यास गारठा येतो. यंत्रानें श्रम वांचविले, तरी वांटणी घरच्यांनींच करावी लागते. सबब आमच्या घरीं नियम असा : जी इतकीं वर्षें शेवटीं स्नान करीत आली, तिचें पाणी पहिलें.