जुन्नर-आंबेगावची श्वानयात्रा

यात्रेस निघताना कोणास कोठे बसवावे, याविषयी आमच्या घरी पूर्वापार एक क्रम ठरलेला आहे : आधी वडील माणसे, मग लेकुरवाळ्या, मग मुले, आणि जागा उरल्यास सामान. यंदा भाद्रपदात मात्र मोटारीची मागची सबंध बैठक दोन कुत्र्यांनी अडविली, टपावर सायकल चढली, आणि घरातील वडील म्हणविणारा मी पुढे पायांशी पाण्याचा कॅन धरून बसलो. निघताना सौभाग्यवतींनी दशम्यांचा डबा माझ्या हाती दिला, भाकरीचा दुसरा डबा पुतण्याच्या हाती दिला आणि बजावले, "हा त्या दोघांचा. अदलाबदल करू नका."

हा सारा खटाटोप पुतण्याच्या शर्यतीसाठी होता. आधी पोहावयाचे, लागलीच सायकल चालवावयाची, आणि उतरल्याबरोबर धावत सुटावयाचे, अशी ही त्रिविध शर्यत असते. तिला ट्रायथलॉन म्हणतात. पोहणारा, सायकलवाला व धावणारा यांत खरा दमदार कोण, या वादातून १९७८ साली हवाई बेटांवर हिची लांब पल्ल्याची पहिली शर्यत झाली; पंधरा जण उतरले व बारांनी ती पुरी केली. २००० सालच्या सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांत तिला स्थान मिळाले. आपल्याकडे गोव्यास २०१९ पासून जी होते तीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, अशी एकूण ११३ किलोमीटरांची मजल असते. ती मारण्याचा संकल्प पुतण्याने सोडला होता, आणि चार दिवसांच्या सरावासाठी त्याने जुन्नर व आंबेगाव हे तालुके निवडले होते. तेथे पाणी आहे, चढ आहेत, आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शेतघर नारायणगावनजीक आहे.

कुत्री कशासाठी, असे वाचक विचारतील. मीही विचारले होते. पुतण्या म्हणाला, "काका, सहा महिने पहाटे माझ्याबरोबर हेच दोघे धावले. घरातले दुसरे कोणी उठले का?" यावर मजपाशी उत्तर नव्हते. दोघांपैकी वाघ्या हा आपल्या दख्खनच्या कारवानी जातीचा, निमुळत्या तोंडाचा, उंच पायांचा; मोती हा रस्त्यावर सापडलेला गावठी, आखूड व विचारी. कुत्र्यांसह मोटारीचा प्रवास कसा करावा, हे मला प्रथमच कळले. निघण्यापूर्वी काही तास त्यांस पोटभर घालू नये, नाहीतर ओकारी होते. मधूनमधून थांबून पाणी दाखवावे, पाय मोकळे करू द्यावेत. उन्हात बंद मोटारीत त्यांस क्षणभरही ठेवू नये. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग निववते, आणि तापल्या मोटारीत तो उपाय थिटा पडतो.

दुपारी शेतघरी पोहोचलो. पोहण्याची सोय विहिरीत होती. धरणाच्या अनोळखी पाण्यात उतरू नये, एवढे शहाणपण दोघांनाही होते. विहीर चाळीस फूट रुंद, वर्षाऋतू सरत आल्याने काठोकाठ भरलेली. या बाजूची मुले पाठीस वाळका भोपळा किंवा डबा बांधून अशाच विहिरींत पोहणे शिकत आली. पुतण्याने हिशेब मांडला : एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे बारा मीटर, म्हणजे १.९ किलोमीटरांस सुमारे एकशे अठ्ठावन्न फेऱ्या. मी काठावर बसून तुरीच्या दाण्यांनी फेऱ्या मोजल्या. वाघ्या प्रत्येक फेरीस काठावरून त्याच्या बरोबरीने धावे. मोती माझ्यापाशी बसून ते दाणे हुंगत होता. त्याने त्यांतील दोन खाल्ले, आणि पुतण्यास दोन फेऱ्या अधिक माराव्या लागल्या.

रात्री जेवताना यजमानाने सांगितले, "गुरुजी, उजाडल्याशिवाय कुत्री बाहेर काढू नका. ऊस उभा आहे." मी हसून म्हणालो, "अरे, आम्ही तिघे-चौघे असू, हाती काठी असेल." तो वाद घालीत बसला नाही. त्याने कुत्र्यांचे अंथरूण ओसरीवरून उचलून आतल्या खोलीत टाकले आणि दाराला कडी घातली.

दुसरे दिवशी पहाटे पाच वाजता आम्ही निघालोच. ऊन चढण्यापूर्वी पुतण्यास पंधरा किलोमीटर धावावयाचे होते आणि मला निदान पहिल्या वळणापर्यंत सोबत करावयाची होती. वाट दोन फडांच्या मधून जाणारी. दोहींकडे डोक्याहून उंच ऊस. वाघ्याची साखळी माझ्या हातात होती. दोनशे पावले गेलो असू, तोच मोती थबकला. मग वाघ्याने चारी पाय जमिनीत रोवले. पाठीवरचे केस उभे, शेपूट पोटाशी, आणि भुंकणे नाही. मला वाटले, शहरातला कुत्रा अंधाराला भ्याला. मी साखळीस हिसका दिला आणि, लिहितानाही लाज वाटते, काठीने त्याच्या कुशीत ढोसले. तो हलला नाही. त्याने केवळ माझ्याकडे एकदा वर पाहिले.

इतक्यात डाव्या हाताचा ऊस वाजला. वारा मुळीच नव्हता. पुतण्याने मनगटावरचे घड्याळ बंद केले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काका, पाठ फिरवू नका. मोठ्याने बोलत राहा." विजेरी त्या बाजूस धरून, कुत्री दोघांच्या मध्ये घेऊन आम्ही एकेक पाऊल मागे सरत परतलो. काय बोलावे ते न सुचून मी रामरक्षा म्हणू लागलो. एरवी जी एका दमात होते, ती त्या दिवशी चार ठिकाणी अडली. उजाडल्यावर यजमानास घेऊन पुन्हा गेलो. पाटाच्या ओल्या चिखलात, मोती जेथे थबकला तेथून वीस पावलांवर, वाटोळी ठसठशीत पावले उमटली होती. शेजारीच आमच्या कुत्र्यांची पावले होती. त्यांत नखे दिसत होती, त्या पावलांत नव्हती. बिबट्या चालताना नखे आत ठेवतो.

मी विद्यार्थ्यांस पुष्कळ वर्षे महाभारत सांगितले. त्याच्या आदिपर्वात एक लहानशी कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञात एक कुत्रा आला. त्याने हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, तरी राजाच्या भावांनी त्यास मारले. त्याची आई सरमा, देवांची कुत्री, येऊन राजास म्हणाली की, निरपराध्यास मारलेत, तर न दिसणारे भय तुम्हांवर येईल. ही कथा शिकवताना मी ती प्रास्ताविक म्हणून दोन वाक्यांत उरकीत असे. त्या सकाळी ओसरीवर वाघ्याचे अंग चाचपीत बसलो असता तिचा अर्थ मला उलगडला. भय तेथे होतेच. ते ज्यास दिसत होते त्यालाच मी काठी लावली होती.

या भागात बिबट्या रानातून वाट चुकून येतो, हा आपला शहरी समज खरा नव्हे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने येथे पाणी खेळविले. पाण्यामागून ऊस आला, आणि उसात बिबट्यास आडोसा, पाणी व भक्ष्य ही तिन्ही एके ठिकाणी लाभली. त्याची पिल्ले उसातच जन्मतात. शेजारच्या अकोले भागात शास्त्रज्ञांनी त्याची विष्ठा तपासून २०१४ साली प्रसिद्ध केले की, त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, वजनाच्या हिशेबाने शेकडा ३९, पाळीव व मोकाट कुत्र्यांचा असतो. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवर पुष्कळ हल्ले झाले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने उपद्रव घटण्याऐवजी वाढतो, असे त्या अनुभवाच्या अभ्यासातून पुढे आले. माणिकडोह येथे वन खात्याचे बिबट निवारा केंद्र आहे. जखमी व पकडलेले बिबटे तेथे ठेवतात. येथील शेतकरी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात, कारण बिबट्या गळाच धरतो. २०२५ साली लगतच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड भागात माणसेही तसले पट्टे गळ्यात बांधून शेतात जाऊ लागली. हे वाचून पुण्यात आम्ही हळहळलो होतो. फडाच्या वाटेवरून परतल्यानंतर तो पट्टा काय आहे ते कळले. आम्ही दोन प्रहरांत मोटारीत बसून निघून जाणार. यजमानाच्या घरची माणसे त्याच वाटेने रोज जातात आणि येतात.

पुतण्याने सरावाचा तक्ता तेथेच बसून पालटला. धावणे सूर्योदयानंतर, हमरस्त्याने, कुत्री घरी. "वेळ वाईट येईल," तो म्हणाला, "पण गोव्यासही ऊन असणारच." मला त्याचे हे बोलणे फार आवडले.

तिसऱ्या दिवशी नाणेघाट. जुन्नरवरून, शिवनेरी डावीकडे ठेवून, माणिकडोहच्या जलाशयाच्या कडेने तो सायकलवर पुढे, मोटारीत यजमान, मी व दोन कुत्री मागे. चावंडच्या पायथ्यापासून चढ जाणवू लागला, आणि घाटघरच्या पठारावर सोनकीची पिवळी फुले पसरलेली दिसली. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण आहे, आणि लेण्यात सातवाहनांच्या नायनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील लेख. राजघराण्याने केलेले अश्वमेधादी यज्ञ व दक्षिणा दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची त्यात मोजदाद आहे. त्याच भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. वर नावे कोरलेली आहेत, मूर्ती मात्र नाहीशा होऊन पायांचे अवशेष तेवढे राहिले. पुतण्याने सायकल टेकवून ती पावले पाहिली, मग घामाने निथळत्या आपल्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, शेवटी पायच टिकतात."

चौथ्या दिवशी यजमानाचा निरोप घेऊन घोडेगावावरून डिंभ्यास आलो. घोड नदीवरील या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. परदेशी कापडाच्या मोटारीपुढे मुंबईस १२ डिसेंबर १९३० रोजी ज्यांनी देह ठेवला ते बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. तालुक्याचे नाव ज्यावरून पडले ते आंबेगाव मात्र या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. ज्या पाण्याने उसाचे फड उभे केले, त्याच्या पोटात एक नांदते गाव आहे, हे काठावर उभे राहिल्यावर विसरता येत नाही.

तेथून पुढे तळेघरवरून भीमाशंकरचा चढ. पुतण्यास सरावासाठी तो हवा होता. मला ज्योतिर्लिंगाचे दर्शन हवे होते. निघाल्या दिवसापासून मी याच दिवसाकडे डोळे लावून होतो. परंतु वर अभयारण्य आहे, शेकरूचे घर आहे. तेथे कुत्री नेणे योग्य नव्हे, आणि उन्हात मोटारीत ठेवणे त्याहून अयोग्य. पुतण्या म्हणाला, "काका, मी थांबतो, तुम्ही मोटार ठरवून जाऊन या." मी क्षणभर गप्प राहिलो. मग वाघ्याची साखळी हाती घेतली आणि म्हणालो, "तू जा. मी बसतो यांच्यापाशी."

महाभारताच्या शेवटास पुन्हा एक कुत्रा येतो. भाऊ व द्रौपदी वाटेत पडली, तो चालत राहिला. आणि स्वर्गाच्या दारी युधिष्ठिर त्यास सोडून रथात चढेना. माझी योग्यता तेवढी नाही, आणि माझा थांबा एका आंब्याच्या सावलीत तीन-चार तासांचाच होता. दशम्यांचा डबा उघडला. वाघ्याने काठीकडे एकवार पाहिले. मी ती उचलून मोटारीत ठेवून आलो. मग तो येऊन माझ्या गुडघ्यावर तोंड ठेवून निजला. सौभाग्यवतींची ताकीद आठवत होती. तरी एका दशमीचे दोन तुकडे करून मी दोघांस दिले.

दुपार कलता कलता पुतण्या परतला. खिशातून पानात गुंडाळलेले बेलाचे दळ काढून त्याने माझ्या हाती ठेवले. किती वेळ लागला, हे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.