कोपराने पाहिलेलं पाणी

२०१५ च्या जूनमध्ये माझी बदली श्रीवर्धन तालुक्यात झाली आणि मी दिघीला खोली घेतली. माझं माहेर कोर्लईचं. दोन्ही गावं रायगडच्या एकाच किनाऱ्यावर, पण मध्ये राजपुरीची खाडी. रविवारी गावच्या चर्चमध्ये मिस्सेला जायचं तर पहाटे उठून धक्क्यावर यायचं, जंगलजेटीने, म्हणजे फेरीबोटीने, आगरदांड्याला उतरायचं, तिथून मुरूड गाठायचं आणि मग काशीद, बोर्ली करत एसटीने कोर्लई. गाड्या जुळल्या तर सकाळ जायची, नाहीतर अख्खा दिवस. पावसाळ्यात खाडी खवळली की तीही वाट बंद. शाळेची नोकरी आणि खोलीवरचं एकटेपण, यांत चर्च माझ्यापासून हळूहळू दूर जाईल अशी मला भीती वाटत होती.

ज्या गावात मी वाढले तिथे चर्चपासून दूर जाणं हे कल्पनेतही नव्हतं. कुंडलिकेच्या मुखाशी किल्ल्याचा डोंगर, त्याच्या पायथ्याचं आमचं गाव आणि गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च. १७४० साली नदीपलीकडचं चौल पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे गेलं. पोर्तुगीज निघून गेले, आमचे पूर्वज मात्र राहिले. शेती केली, मासळी विकली, शेजाऱ्यांशी मराठीत बोलले आणि घरात त्यांनी पोर्तुगीज मुळाची एक बोली जपली. आम्ही तिला ‘नौ लिंग’ म्हणतो, म्हणजे आमची भाषा. ती बोलणारे आज हजाराच्या आसपास असतील. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर अभ्यास करून १९९६ साली ग्रंथ लिहिला, तेव्हा गावातल्या कितीतरी जणांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या चुलीपाशी काही मोलाचं आहे. पावणेतीनशे वर्षं ही बोली आणि हा धर्म टिकला तो कुणा एकाच्या जोरावर नाही. कुणी घंटा वाजवली असेल, कुणी वेदीसमोरची फरशी पुसली असेल, कुणी मांडीवरच्या पोराला क्रुसाची खूण करायला शिकवलं असेल. त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

दिघीत मी धरून आम्ही ख्रिस्ती पाच घरं निघालो. बंदराच्या कामासाठी आलेलं केरळचं एक जोडपं, वसईकडचं एक कुटुंब, एक तरुण आणि त्याची नवी बायको, आणि बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती करणारे गोव्याकडचे एक म्हातारे. त्यांना सगळे अंकल म्हणायचे. मला सगळे बाई म्हणायचे, केरळच्या बाईंना आम्ही चेची म्हणायचो. मुंबई महाधर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून असे लहान ख्रिस्ती समूह वस्त्यावस्त्यांतून उभे राहिले आहेत. शेजारपाजारच्या घरांनी एकत्र यायचं, शुभवर्तमान वाचायचं, एकमेकांची अडचण आधी आपसांत सोडवायची. आम्हीही दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी खोलीत रोझरीच्या प्रार्थनेसाठी जमू लागलो. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे टाकायचे. शेजारी एक शंभर पानी वही.

एकदा एक फादर आमच्याकडे प्रार्थनेला आले होते. त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली. आपल्या गावाकडच्या बाया नवऱ्याला दोन नावांनी हाक मारतात, धनी आणि कारभारी. धनी म्हणजे ज्याचं आहे तो. कारभारी म्हणजे ज्याच्याकडे सोपवलं आहे तो. मराठी बायबलमध्येही कारभारी हा शब्द येतो. ते म्हणाले, “या डब्याचे तुम्ही कारभारी. शेजारी बसलेल्या माणसाचेही.” पहिलं मला लगेच पटलं. दुसरं कळायला सात वर्षं लागली.

डब्याचा धडा आधी मिळाला. २०१८ च्या पावसाळ्यात डबा आणि वही त्या तरुणाकडे होते. एका बुधवारी मी आणि चेचीने पैसे मोजले. वहीत चार हजार दोनशे होते, डब्यात दोन हजार सातशे. मी शिक्षिका, हिशेबाची पक्की. माझं डोकं तापलं. पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर विचारायचं, असं मी ठरवूनच टाकलं. वसईच्या ताईंनी मला थांबवलं. त्या म्हणाल्या, “विचारायचं तर आहेच बाई, सोडायचं नाही. पण चौघांत नको. आणि आधी त्याला जेवायला बोलवू.”

जेवण झाल्यावर त्याने स्वतःच सांगितलं. बायकोला सातवा महिना होता, रक्त कमी झालं होतं. तपासण्या, गाडीभाडं, औषधं, सगळं एका आठवड्यात अंगावर आलं. “मग मागितले का नाहीस?” मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, “बाई, मागच्या वेळी अंकलनी चष्म्यासाठी मागितले, तेव्हा आपण अर्धा तास चर्चा केली होती. ते मान खाली घालून बसले होते. मला तसं बसायचं नव्हतं.”

ती चर्चा मीच सुरू केली होती. चष्मा सरकारी शिबिरात मिळेल का, आधीचा दुरुस्त होईल का, असे प्रश्न मीच विचारले होते. पैसा जपण्याच्या भरात मी डब्याची धनीण होऊन बसले होते. त्याने चूक केली होती, ती त्याने मान्य केली आणि पैसे हप्त्याहप्त्याने परत टाकले. पण त्या चुकीकडे जाणारी वाट आम्ही बांधली होती.

त्यानंतर आम्ही नियम बदलले. डबा एकाकडे, वही दुसऱ्याकडे. मोजायचं दोघांनी मिळून. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी जमाखर्च मोठ्याने वाचायचा. आणि पाचशे रुपयांपर्यंत कुणी मागितले तर कारण विचारायचं नाही. वहीत फक्त तारीख आणि आकडा, नाव नाही. मला वाटलं होतं डबा महिन्यात रिकामा होईल. तसं झालं नाही. उलट कधी कधी लोक घेतलेल्यापेक्षा जास्त टाकून जायचे. हिशेब चोख असला की मागणाऱ्याची मान वर राहते, हे मला तेव्हा समजलं. वही त्या तरुणाकडेच ठेवायची, हे मात्र सगळ्यांनी एकमताने ठरवलं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मार्चपासून टाळेबंदी, चर्च बंद, मिस्सा मोबाइलवर. दुपारी वाऱ्याने जो आवाज धरला तो अजून कानात आहे. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. माझ्या खोलीचे पत्रे एकामागून एक सुटले. मी आणि घरमालकीण पलंगाखाली बसून होतो. संध्याकाळी बाहेर आले तर गाव ओळखू येत नव्हतं. विजेचे खांब आडवे, रस्त्यावर माड. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांमधल्या पोफळी मुळासकट उपटल्याचं पुढे कळलं. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं झाड धरायला सहा-सात वर्षं लागतात. लोक झाडांसाठी माणूस गेल्यासारखे रडत होते. वीज कित्येक आठवडे आली नाही. मोबाइल बंद, जंगलजेटी बंद, कोर्लईला आई कशी आहे हे कळायला चार दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही पाच घरांतली माणसं तोंडाला रुमाल बांधून उघड्यावर जमलो. डब्यात अकरा हजारांच्या वर रक्कम होती. आधी आपल्या पाच घरांचं बघावं, असं एकजण म्हणाला. ते चुकीचंही नव्हतं, तिघांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या मुसलमान वस्तीतल्या चाची कळशी घेऊन आल्या. त्यांच्या घराची अर्धी भिंत पडली होती, पण विहीर शाबूत होती. पंप चालत नव्हते म्हणून त्या पहाटेपासून दोराने पाणी शेंदून घरोघर देत होत्या. हातांना फोड आले होते. कळशी ठेवून त्या म्हणाल्या, “उकळून प्या हां,” आणि पुढच्या घरी गेल्या.

मग फार बोलणं झालं नाही. बोर्ली पंचतनला ताडपत्री मिळतेय असं कळलं. तरुण आणि अंकल मोटरसायकलवरून, मध्येमध्ये झाडं बाजूला करत गेले. नऊ ताडपत्र्या आल्या. त्यातली पहिली चाचींच्या घरावर चढली, तीन आमच्यावर, बाकी कोळीवाड्यात आणि मागच्या आळीत. डबा त्या दिवशी पार रिकामा झाला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पत्र आलं, पृथ्वी हे आपलं सामायिक घर आहे, असं सांगणारं. मी ते वाचलं होतं, वर्गात मुलांशी त्यावर बोललेही होते. सामायिक घर म्हणजे काय ते मात्र एका विहिरीने आणि एका ताडपत्रीने शिकवलं.

२०२२ मध्ये अंकलच्या पायाला जखम झाली. साखर जुनी, आणि पायाला बधिरपणा. खिळा टोचला तो त्यांना कळलाच नाही. कळलं तेव्हा अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. ते बोट काढावं लागलं, पाय वाचला. पण पुढे कित्येक आठवडे आठवड्यातून चारदा मलमपट्टी करायची होती आणि अंकलच्या घरी दुसरं कुणी नव्हतं. आम्ही पाळ्या लावल्या. सोमवार माझा.

पहिल्या सोमवारी मला जायचं नव्हतं. परक्या पुरुषाचा पाय, त्यातून जखम, त्यातून अंकलचा स्वभाव. ते अपमान करायचे. “मास्तरीण आली, आता पायाला पण शाळा,” असं म्हणाले. नर्सबाईंनी सगळं शिकवलं होतं. जखम सलाइनने हलक्या हाताने पुसायची, चोळायची नाही. दुसरा पाय रोज कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि नीट बघायच्या, कारण तिथे काही झालं तर त्यांना कळणार नाही. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली: “पाणी त्यांना विचारून घेऊ नका. गरम आहे की गार, त्यांच्या पायाला समजत नाही. आधी तुमचं कोपर बुडवून बघा.”

मी बाही वर करून कोपर पाण्यात घातलं. जरा गरम वाटलं. गार पाणी मिसळलं, पुन्हा कोपर घातलं. अंकल बघत होते. मी त्यांचा तो दुसरा पाय उचलून पाण्यात ठेवला तेव्हा ते काही बोलले नाहीत. मी बेचक्या पुसत असताना त्यांचा हात डोळ्यांकडे गेला.

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. २०१३ मध्ये पोप झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी फ्रान्सिस रोममधल्या बालसुधारगृहात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमान मुलंही होती. २०१६ मध्ये त्यांनी नियमच बदलला आणि या विधीत स्त्रियांचीही निवड होऊ लागली. मी हा विधी लहानपणापासून पाहत आले होते. तो बघताना माझे डोळे भरून यायचे आणि मला वाटायचं, हीच ती माया. अंकलच्या खोलीत मात्र डोळे भरायला वेळ नव्हता. सलाइनची बाटली, कात्री, गॉज, घड्याळ, आणि पुढच्या पाळीवाल्यासाठी वहीत नोंद: आज स्राव कमी, कडा लाल नाही. फादरांच्या बोलण्याचा दुसरा भाग मला त्या वहीपाशी उमगला. शेजारचा माणूस आपल्याकडे सोपवलेला असतो. त्याला जिथे कळत नाही, तिथे आपल्या कातडीने त्याच्यासाठी जाणून घ्यायचं. आणि हे एका आवेशात होत नाही. सोमवारी मी, बुधवारी चेची, शुक्रवारी वसईच्या ताई, रविवारी तरुण. एकीला कंटाळा आला तरी दुसरीचा दिवस उजाडतो, म्हणून माया आटत नाही.

जखम भरली. पाय तपासून धुण्याची सवय मात्र सुरू राहिली, कारण साखर तशीच होती. अंकलचं बोलणं तसंच तिखट होतं, पण मी पोचायच्या आधी ते आता स्वतः टॉवेल काढून ठेवायचे.

२०२४ च्या मे महिन्यात माझी बदली झाली. शेवटच्या सोमवारी मी डब्याची किल्ली चेचीकडे दिली आणि अंकलकडे गेले. तरुण बायको-मुलीसह तिथेच होता. माझी पाळी यापुढे त्याच्या बायकोकडे जाणार होती, ती शिकायला आली होती. त्यांची मुलगी तेव्हा सहाव्या वर्षात होती. २०१८ च्या त्या पावसाळ्यात आईच्या पोटात होती ती हीच. आम्ही मोठी माणसं बोलत होतो, तेवढ्यात ती घमेल्यापाशी उकिडवी बसली, फ्रॉकची बाही वर केली आणि आपलं इवलंसं कोपर पाण्यात बुडवलं. थोडा वेळ तसंच ठेवलं.

मग अंकलकडे वर बघून म्हणाली, “अजून थोडं गार पाहिजे.”