दिवाणखान्यातले मिठागर

आमच्या पुण्यातल्या घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी माशांची काचपेटी आहे. तीत चार वर्षे काही टेट्रा आणि दोन गोरामी सुखाने नांदत होते. पण चिरंजीवांनी २००३ सालचा तो नीमोचा चित्रपट पाहिला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा हवा म्हणून हट्ट धरला. विदूषक पडला समुद्रातला. मी म्हटले, त्यात काय? पाणी खारे करू!

खरे सांगायचे तर माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. माझी आई गेल्या वर्षी शिरोड्याचे घर बंद करून आमच्याकडे राहायला आली. शिरोडा म्हणजे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातले शिरोडे. आजोबा तिथल्या मिठागरात हिशेब ठेवीत. पुण्यात आल्यापासून आई फारशी बोलत नसे. गुडघ्यांमुळे जिना उतरणे बंद झाले होते. दिवसभर खुर्चीत बसून राही. म्हटले, आपण तिला समुद्राकडे नेऊ शकत नाही, तर समुद्रच घरी आणू.

बेत ऐकून ती म्हणाली, "मेल्या, मीठ घातलं म्हणून समुद्र होतो होय?"

होत नाही, हे मला हळूहळू कळले. स्वयंपाकघरातले मीठ मुळीच चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि कितीतरी क्षार असतात. त्यांचे तयार मिश्रण मिळते, ते लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घालायचे. आमच्या पन्नास लिटरला पावणेदोन किलो लागले. जुने खडे काढून प्रवाळी वाळू आणि सच्छिद्र दगड घातले. दुकानदार जिवंत प्रवाळही दाखवू लागला, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ संरक्षित आहेत, हे मला ठाऊक होते. टेट्रा आणि गोरामी खालच्या मजल्यावरच्या मुलीकडे सासरी गेले.

"आठ दिवसांत मासे सोडा, साहेब," दुकानदार म्हणाला. मी सोडले. चौथ्या दिवशी सकाळी दोघांतला एक तळाशी आडवा पडला होता. दुसरा मी घाईघाईने दुकानात परत नेला. चिरंजीव दोन दिवस जेवताना माझ्याशी बोलले नाहीत.

मग मी पुस्तक उघडले. ते आधी उघडायचे असते! माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही वाईटच. दुसरे त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. खाऱ्या पाण्यात या जिवाणूंची वस्ती दगडा-वाळूत बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर त्यांनाही खायला हवे, म्हणून मी कोळंबीचा एक तुकडा पाण्यात टाकला.

"खायची कोळंबी कुजवायची?" आई म्हणाली. त्या महिन्यातले तिचे हे सर्वांत लांब वाक्य.

सहा आठवडे आम्ही रिकामी पेटी पाहिली. पाहुणे मासे शोधत आणि आम्ही जिवाणूंकडे बोट दाखवीत असू. शेवटी हॅचरीत वाढलेली दोन पिल्ले आणली. ती जगली. आता आपण जिंकलो, असे मला वाटले आणि एप्रिलात मी कामासाठी आठ दिवस नागपूरला गेलो. जाताना सांगितले, "पाणी कमी झालं की भर घाला."

परत आलो तो दोन्ही मासे एका कोपऱ्यात भराभर कल्ले हलवीत होते. झाकणाच्या कडेवर पांढरी खार धरली होती.

"बाबा, मी रोज घातलं पाणी. मीठ मोजून!" चिरंजीव रडवेल्या आवाजात म्हणाले.

मी हायड्रोमीटर शोधू लागलो. तेवढ्यात आई गुडघ्यावर हात ठेवून उठली, पेटीपाशी आली, बोट बुडवून चाटले.

"हे समुद्राचं पाणी नव्हे. हे आगरातल्या दुसऱ्या वाफ्यातलं पाणी. पाणी उडतं रे, मीठ थोडंच उडतं? गोडं घाल."

हायड्रोमीटर सापडला. १.०२५ हवे तिथे १.०३०. पुण्याचा उन्हाळा, वर पंखा. रोज लिटरभराहून जास्त पाणी उडून जात होते आणि जागी पुन्हा खारेच येत होते. मोठ्या टाकीत हे हळू घडते. आमच्या एवढ्याशा पेटीचे आठ दिवसांत मिठागर होऊ लागले होते.

मी बादली उचलली. आईने हात धरला. "हळू. जीव आहेत ते." दोन दिवस आम्ही थोडे खारे पाणी काढत आणि तांब्या-तांब्याने गोडे घालत राहिलो. त्या दोन रात्री ती नातवाला सांगत होती, भरतीचे पाणी आगरात कसे घेत, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसे सोडीत, पावसापूर्वी मिठाच्या राशी गवताने कशा शाकारीत. मी ते कधी विचारलेच नव्हते.

चिरंजीवांनी काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मारली आहे. रोज सकाळी पूजा झाली की आई फिल्टरचे पाणी त्या रेघेपर्यंत घालते.

"बोटभर मासा. कालवणालासुद्धा पुरायचा नाही," असे ती म्हणते आणि दुपारी आपली खुर्ची पेटीसमोर ओढून घेते.