कामठ्याचा पाहुणा

मृग लागून आठ दिवस झाले होते आणि कामठ्याच्या आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. अशा दिवसांत नागपुराहून गोंदियाकडे हौसेने कोण जाणार? आम्ही गेलो ते एका लग्नाच्या निमित्ताने. कामठा एकेकाळी मोठ्या जमीनदारीचे गाव. आज नजर जाईल तिकडे धानाच्या बांध्या.

यजमानांनी पऱ्हे टाकले होते. बी उगवले, पण वरून पाणी नाही. माणूस सकाळ-संध्याकाळ धुऱ्यावर उभा राहून पश्चिमेकडे बघे. चहाला हाक मारली तरी नुसते ‘हूं.’

नवव्या दिवशी उजाडता बाभळीतून आवाज आला : पिऊ, पिऊ, पी-पी-पिऊ!

“आला जी!” यजमान ओरडले. मला वाटले, पाऊसच! पाहतो तर काळापांढरा, डोक्यावर तुरा मिरवणारा चातक.

तो थेंब झेलून जगतो ही कवींची भाबडी समजूत. स्वारीचे पोट भरते केसाळ सुरवंटांवर. त्याचा खरा पराक्रम कालिदासालाही ठाऊक नसावा. दक्षिणेतले काही चातक बारमाही तिथेच राहतात. आपल्याकडचे मात्र आफ्रिकेच्या काटेरी रानांतून, नैऋत्य वाऱ्याच्या साथीने अरबी समुद्र ओलांडून येतात. जीव साळुंकीएवढा, शेपूट तेवढी लांब! त्यांची वाट कळावी म्हणून २०२० साली डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने दोन चातकांच्या पाठीवर इवलाली यंत्रे बांधली होती.

एवढ्या दूर येऊन पाहुणा घर बांधीत नाही. मादी निळे अंडे सातभाईंच्या निळ्या अंड्यांत खुशाल घालून मोकळी! म्हणजे चातकाला सातभाई हवेत, आणि सातभाईंना धुऱ्यावरची झुडपे अन् काटे.

शेजारच्या धुऱ्यांवर मात्र नुसते बुंधे दिसले. बाभळीच्या लाकडाचा नांगर व्हायचा. आता ट्रॅक्टर फिरतो. शिवाय सावलीत धान पिवळे पडते, हेही खोटे नाही. पोटाचा प्रश्न असलेल्याला मी काय शहाणपण शिकवणार? “तुमच्या का ठेवल्यात?” एवढेच विचारले.

यजमानांनी घराकडे बोट दाखवले. “तिनं तोडू नाही दिल्या. म्हणते, तो येऊन बसंल कुठं?”

पाऊस चौथ्या दिवशी आला. आम्ही तेव्हा परतीच्या गाडीत होतो. भाद्रपदात यजमानांचा फोन आला. रोवणी साधली होती. फोन ठेवता ठेवता मागून वहिनींचा आवाज ऐकू आला, “सातभाईंच्या मागं परक्याचं पोर भूक भूक करत हिंडते, ते सांगा ना जी!”