पगारातून ईएसआय कापतात, ते योग्य आहे का?

"डॉक्टर, दहा वर्षांत मी एकदाही ॲडमिट झालो नाही. मग दर महिन्याला पैसे का कापतात?" कारखान्यातले पेशंट मला हे नेहमी विचारतात.

तुमचा पगार 20,000 रुपये असेल तर तुमचे 0.75 टक्के, म्हणजे 150 रुपये जातात, मालक 3.25 टक्के, म्हणजे 650 रुपये भरतो. वय किंवा शुगर-बीपी बघून ही रक्कम वाढत नाही, आणि बायको-मुलांवरही उपचार होतात. सक्ती नसती तर तरुण, धडधाकट मंडळी बाहेर राहिली असती आणि उरलेल्या आजारी माणसांचा हप्ता कोणालाच परवडला नसता. म्हणून सक्ती मला पटते. (दवाखान्यातली रांग आणि औषधांसाठीचे हेलपाटे मात्र मुळीच पटत नाहीत.)

खरा अन्याय मला 21,000 रुपयांच्या मर्यादेत दिसतो. ती 2017 साली लागू झाली. पगार 21,500 झाला की चालू सहामाही संपल्यावर कपात थांबते आणि पुढे काही महिन्यांनी संरक्षणही जाते. तेव्हा खासगी पॉलिसी घ्यायला गेलात, तर जुन्या मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्यामुळे पगारवाढीचे पत्र हातात पडले की त्याच आठवड्यात पॉलिसीची चौकशी सुरू करा.