बार्शीचा महबूब

आमच्या वळसंगला घरात दखनी, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी. हल्ली मुलं मोबाईलवर गिटार-ड्रमवरचे अभंग ऐकतात. मलाही आवडतात. ‘सर, हे फ्युजन नवीनच ना?’ असं कुणी विचारलं की मी आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीच्या महबूब हुसेन पटेलांची गोष्ट काढतो. जन्म १९१६चा, घरात गरिबी, पोटासाठी गिरणीत काम. लोक त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतात.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभं केलं. म्हटलं तर बँडच. डफ, तुणतुणं, ढोलकी जुनीच, बाज तमाशाचा. आतला माल मात्र बदलला. अण्णाभाऊंनी गणात देवाऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केलं, गवळण काढून टाकली आणि वगात राजा-राणीच्या जागी सावकार, गिरणीमालक आणले. सरकारनं तमाशावर बंदी घातली, तर त्याच खेळाला ‘लोकनाट्य’ म्हटलं! ही युक्ती मला भारी आवडते.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या पहाडी आवाजानं सभा भारून गेल्या. मराठी मुलुख मागणारा हा आवाज मुसलमानाचा होता. आणि आमच्या पोरांना बाहेरगावी आजही ऐकावं लागतं, ‘अरे वा, तुला मराठी छान येतं की!’

त्यांच्या ‘कलश’ संग्रहातल्या तीन कविता मी मुलांसाठी उर्दूत केल्यात. चौथी अडलीय.